वरून टाकलेली मिरी

रुपीबाई मोटारीत चढायच्या आधी दारातला दांडा ओढून पाहायची. मोटार निघायला टेकलेली असली, मागे माणसं ढकलाढकली करत असली, तरी तिला फिकीर नसे. दोन्ही हातांनी दांड्याला एक हिसका द्यायची आणि तो निखळला नाही म्हणजे मग पाय उचलायची. कंडक्टर तिच्याच बोलीत आई म्हणून ओरडायचा, "ओ याडी, मोटार उपटून नेतं काय घरी?" ती म्हणायची, "तुह्या मोटारीचा काय भरोसा? तुहा तरी कुठी हाये?"

असा तिचा स्वभाव. आगकाडीची पेटी घेतली तर आधी हुंगायची. लुगड्याचा काठ नखानं खरवडायची. मी शिकलेली आहे हे कळल्यावर तर तिनं मलाच विचारलं होतं, "तू काय काय लिवतं वं घरी? कोणाले दावतं?" मी म्हटलं, माहेरी पत्र लिहिते. ती म्हणाली, "आधी नाव लिवतेत, मंग माणूस नेतेत. आमच्या बुढ्यायनं पाह्यलं हाये." इंग्रजांच्या काळात बंजाऱ्यांची नावं पोलिसांच्या वहीत चढायची, ते ती विसरली नव्हती.

आमचं गाव दिग्रसपासून दोन कोसांवर. नाल्याच्या अल्याड आमची वस्ती, पल्याड तिचा बंजाऱ्यांचा तांडा. तिचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ, मसाला, धान्य लादून मुलुखभर हिंडलेला. बापाच्या काळात बैल गेले, हाती नांगर आला. तिच्या नवऱ्याला, फुलसिंगला, चार एकर शेत होतं. रुपीबाई बाजाराच्या दिवशी शेवग्याचा पाला, डिंक, चारोळी घेऊन निघायची, आणि दिग्रसला जायच्या आधी आमच्या दारावरून एक चक्कर मारायची. घागरा, दंडापर्यंत चढलेल्या पांढऱ्या बांगड्या, केसांना लोंबणारी चांदी. ती यायच्या आधी तिचा आवाज यायचा.

तिचं कौतुक करायला मी बसलेले नाही. मी तिच्यावर संशय घेतला आणि तो माझ्या जावेला फार महागात पडणार होता, म्हणून लिहिते आहे.

नलू माझी धाकटी जाऊ. नेरची. एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात माझ्या दिराशी, श्रावणशी, तिचं लग्न झालं. हात चलाख, बोलणं कमी. सुईत दोरा ओवायचा असला की सगळी वस्ती तिच्याकडे यायची. पण थंडी सरता सरता माझ्या लक्षात आलं की दिवस कलला की ती भिंतीला धरून बसते. चुलीपासून दारापर्यंत सहा पावलं, दारापासून न्हाणीपर्यंत अकरा, अशी ती पावलं मोजून चालायची. मला कळलं तेव्हा तिनं माझे पाय धरले. "बाई, कोणाले सांगू नका. दिवसा समदं दिसते. सांज झाली का डोयापुढं घोंगडं पडते."

असं घरात किती दिवस लपणार? श्रावण दिग्रसच्या जिनिंगमध्ये कामाला. एकदा तो सांजेला दारात उभा राहिला आणि नलूनं विचारलं, "कोण हाये?" सासूबाईंनी ते ऐकलं. नवऱ्याला ओळखत नाही म्हणजे काय, हे त्यांच्या डोक्यातून गेलं नाही.

सासूबाईंचं नाव मथुराबाई. बाई वाईट नव्हत्या, पण नेरच्या माणसांनी आपल्याला फसवलं असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. त्यांनी एक दिवस सांजेला पाण्यानं भरलेली घागर उचलून अंगणाच्या मधोमध ठेवली आणि खाटेवर जाऊन बसल्या. नलूनं दारापासून पाचवं पाऊल टाकलं आणि ती घागरीवर पडली. ओठ फुटला. मी धावले.

सासूबाई खाटेवरून हलल्या नाहीत. म्हणाल्या, "पडली नाई थे. पाडून घेतलं सोताले. दिवसा मनी ओवते अन् सांजच्याले आंधयी? कामाचा कटाया हाये, दुसरं काई नाई."

"आत्या, ओठातून रगत येऊन राह्यलं तिच्या," मी म्हटलं.

"मंग खरीच आंधयी असन. तसं असन तर तिच्या बापानं मले लपवून देल्ली. बुद्धपौर्णिमेले तो येनारच हाये. घेऊन जाईन आपली पोरगी. माह्या श्रावणले दुसरी पाहीन मी."

हे बोलणं श्रावणसमोर झालं. तो विहिरीवर निघून गेला. तेव्हापासून घरात पौर्णिमेचे दिवस मोजणं सुरू झालं. सासूबाई मोठ्यानं मोजायच्या, नलू मनात.

मी नलूला दिग्रसच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हे सोंग नाही, रातांधळेपणा आहे, वेळीच लक्ष दिलं तर बरा होतो. हिरवा पाला, दूध, जमलं तर कलेजी खाऊ घाला. माशाच्या तेलाची बाटली दिली. तिच्या वासानंच नलूला उलटी व्हायची. चार दिवसांत बाटली न्हाणीत रिकामी झाली. सासूबाई म्हणाल्या, "पाल्यानं डोये येत असते तर बकरीनं पेपर वाचला असता."

दूध आमच्याकडे नव्हतं. कलेजी महिन्यातून एकदा. उरला पाला, आणि पाला आणायची रुपीबाई.

तिनं दोन बाजार पाहिलं की मी शेवग्याचाच पाला मागते, ढीगभर मागते. तिसऱ्यांदा टोपलं खाली न ठेवताच विचारलं, "कोणाचे डोये गेले?"

सासूबाई कुठे आहेत ते मी मागे वळून पाहिलं. "तुले कोणं सांगतलं?"

"कोणं सांगाले पायजे काय? मांगच्या बाजारी मी वापस येतानी सांजच्याले तुह्या जावेनं माह्या टोपल्यात पाय देल्ला." मग नलूला उजेडात बसवून तिच्या डोळ्यांच्या पापण्या वर-खाली करून पाहिल्या. पाहताना तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. शेवटी म्हणाली, "पाला देतं थे बराबर हाये. पन कसा देतं?"

"उकडून, मीठ टाकून."

"तेल?"

तेलाची बरणी सासूबाईंच्या उशाशी असायची.

"मिरी?"

"मिरी कायले?"

रुपीबाईनं कपाळाला हात लावला. "पाला म्हंजे पावना हाये, बाई. पोटात येते, उभा राह्यते, अन् निंगून जाते. मिरी त्याले हाताले धरून घरात नेते. आमचा आजा थकल्या बैलाले गूळ दे, हयद दे, काई दे, संगं मिरी असेच. नुसती हयद देल्ली तर म्हने, शेनात गेली. सात दाने ताजे कुटजो, भाजी चुलीवरून उतरवली का वरून टाकजो. अन् तेल हात राखून नको."

इतकं बोलून तिनं कमरेची पिशवी सोडली, मूठभर मिरी काढली, पुन्हा काहीतरी पुटपुटली आणि मूठ खांद्याइतकी वर नेऊन म्हणाली, "पदर धर."

माझा पदर पुढे झालाच होता. तो मी मागे घेतला.

हे वाचणाऱ्याला कदाचित कळणार नाही, म्हणून सांगते. लहानपणी दुकानदारानं माझ्या आईच्या पदरात मीठ वरूनच टाकलेलं मी पाहिलेलं आहे. विहिरीवर ओंजळीत पाणी वरूनच पडायचं. हाताला हात लागू नये म्हणून. छप्पन साली आम्ही धम्म घेतला, माझ्या नवऱ्यानं आपलं धर्मा हे नाव बदलून धर्मपाल केलं, आणि त्या दिवशी मी स्वतःशी ठरवलं होतं की यापुढे कुणी वरून टाकलेलं काही घ्यायचं नाही. आणि मंतरलेलं तर नाहीच नाही. इथे दोन्ही होतं.

मिरी मातीत पडली. रुपीबाईनं माझ्याकडे पाहिलं, खाली बसली, एक एक दाणा वेचला, फुंकून पिशवीत टाकला. रागावली नाही. तेही मला खटकलं.

"मी इकत घेईन," मी म्हटलं.

"घे. पाहून घेजो," इतकंच ती म्हणाली आणि टोपलं डोक्यावर ठेवून गेली.

दिग्रसच्या बाजारात बाबुलालचं किराण्याचं दुकान होतं. त्याच्याकडून मी पुडी आणली. पुडी त्यानं माझ्या हातात दिली, हातात, आणि मला बरं वाटलं. रोज सकाळी सात दाणे मोजून कुटायचे, पाल्याच्या भाजीवर टाकायचे, नलूनं ज्वारीच्या भाकरीशी खायची. तेल जमेल तसं, म्हणजे बोटाला लागेल इतकं. नलू एकदा म्हणाली, "बाई, हे तं तिखट लागतच नाई." मी हसले. आम्ही वऱ्हाडी माणसं, ठेच्यावर वाढलेली. काळ्या मिरीचा तिखटपणा आमच्या जिभेला काय कळणार, असं मला वाटलं.

तीन आठवडे झाले. नलू सांजेला भिंतीलाच धरून बसायची. उलट आता तिला तुळईखालचा कंदीलही पिवळ्या डागासारखा दिसायला लागला होता. सासूबाई म्हणाल्या, "पाहा, बंजारनीचं ऐकून माह्या घरात रोज बकरीचा चारा शिजून राह्यला. पौर्णिमेले महिना राह्यला फक्त."

मी सांजेला मेणबत्ती लावून वंदना म्हणायची. पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याचं वचन येतं, आणि माझं मन तिथे अडकायचं. मनात सगळ्यांबद्दल संशय भरलेला. रुपीबाईनं मुद्दाम फसवलं असेल का? आपल्या पाल्याचा खप वाढावा म्हणून मिरीची गोष्ट रचली असेल का? कधी कधी तर नलूबद्दलही यायचा. सासूबाई म्हणतात तसं असेल तर? घागरीवर ती पडली तेव्हाचा फुटलेला ओठ आठवायचा आणि मला माझीच लाज वाटायची.

शेवटी एका दुपारी उरलेली पुडी पदराला बांधून मी नाला ओलांडला. रुपीबाईला चार शब्द सुनवायचेच, असं ठरवून.

तिच्या अंगणात पोचले तेव्हा ती उभी होती आणि तिच्या समोर तिची सून जमनाबाई पितळी थाळी धरून बसली होती. रुपीबाईनं मूठ खांद्याइतकी वर नेली, तोंडानं पुटपुटली आणि मिरी सोडली. दाणे थाळीत टणटण वाजले. दोन-तीन वाऱ्यानं थाळीबाहेर गेले. ते तिच्या कोंबड्यांनीही टिपले नाहीत.

स्वतःच्या सुनेला, वरून.

मी तिथेच थबकले. रुपीबाईनं मला पाहिलं. "ये. भांडाले आली असन."

"सुनेलेबी वरूनच टाकतं काय?"

"मंग कसं टाकू? भरला दाना सरका खाली पडते. पोचट दाना वारा उडोते. आमचा आजा पोतं पोतं असंच पाहे." मग ती एकदम थांबली. तिला काय कळलं ते तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं. "अवं माय! तुले वाटलं मी शिवून नाई घ्यावं म्हनून वरून टाकली?"

मी पदराची गाठ चाचपत राहिले.

"अन् त्या दिवशी पदर म्हनूनच ओढला व्हय?"

"तू मंतरत होती," मी म्हटलं. माझाच आवाज मला लहान वाटला.

"आमच्या संताचं, सेवाभायाचं नाव घेत होती. तू नाई घेत काय तुह्या बुद्धाचं? मी कधी म्हनलं का तू मंतरतं म्हनून?" मग हात पुढे केला. "आन. काय आनलं थे दाव."

मी पुडी दिली. तिनं उघडली, हुंगली, नाक मुरडलं. मूठ वर नेली आणि थाळीत सोडली. टणटण असा आवाज आलाच नाही. अर्धे दाणे अंगणात इकडे तिकडे पांगले. जमनाबाई हसायला लागली. उरलेले रुपीबाईनं पाण्यानं भरलेल्या लोट्यात टाकले. पाच-सहा तळाशी गेले. बाकीचे सगळे वर तरंगत राहिले, एकमेकांना चिकटून.

तिनं एक तरंगता दाणा उचलून नखानं दाबला, माझ्या तळहातावर ठेवला. तो सुरकुतलेला होता, एका बाजूनं लांबट. "पपईचं बी हाये हे. वायवलं का मिरीवानी दिसते. तीन हप्ते तू तुह्या जावेले पपईचं बी चारलं, बाई."

मी तिथेच मातीत बसले. हातात दिलेली पुडी खोटी निघाली होती आणि वरून टाकलेली खरी होती. पौर्णिमेला उरले होते सव्वीस दिवस.

जमनाबाईनं मला पाणी दिलं. त्याच लोट्यानं दिलं, धुऊन. तांड्यातल्या सगळ्या बायकांनी तसं दिलं असतं का, ते मला ठाऊक नाही. काहींनी नसतं दिलं. पण तिनं दिलं.

रुपीबाईनं या खेपेला मिरी सोडली तेव्हा मी पदर दोन्ही हातांनी धरला होता. ही मिरी तिचा भाऊ उत्तमसिंग आदिलाबादच्या बाजारातून आणायचा. निघताना ती म्हणाली, "तेल देतं का नाई?"

"थोडं."

"थोडं म्हंजे नाई. तुहीबी सासू हाये, माहीबी होती. तुह्या वाटचं तेल तिले दे. अन् सासूवर नजर ठेव, थे भाजीतून तेल काढून घेईन."

सासूबाई तसं करतील असं मला वाटत नव्हतं. तरी मी नजर ठेवली. संशय हा असा लागट असतो.

त्या दिवसापासून मी कोरडं जेवले आणि माझ्या वाट्याचं तेल नलूच्या भाजीवर गेलं. पहिल्याच सकाळी तिनं घास घेतला आणि ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं. "बाई, आज मिरची टाकली काय?" मी मनातल्या मनात बाबुलालला जे म्हणायचं ते म्हटलं. पुढच्या बाजारी त्याला समोरही म्हटलं. त्यानं दाणा चावला, थुंकला आणि म्हणाला, "मलेबी अशीच भेटली, बाई. म्या काय झाडावर जाऊन पाह्यलं?" खरं बोलला की खोटं, मला आजही सांगता येत नाही.

पंधरा दिवस काहीच घडलं नाही. नलू हिंमत सोडत चालली होती. तिनं तिचं लुगडं, आरसा, नेरहून आणलेला पितळी डबा एका गाठोड्यात बांधून कोनाड्यात ठेवला. मी पाहिलं. श्रावणनंही पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदा तो आईला म्हणाला, "नलू गेली तर मीबी नेरले जाईन, आई. तिथीबी जिनिंग हाये." सासूबाईंनी तोंड फिरवलं.

एकविसाव्या की बाविसाव्या दिवशी सांजेला मी चुलीपाशी होते. नलू दारात बसली होती. ती एकदम म्हणाली, "बाई, खाटेखाली कोंबडी हाये ना?"

कोंबडी होती. मी विळी खाली ठेवली. आवाजावरून ओळखलं असेल, मला वाटलं. कोंबडी तर गप्प बसलेली. "किती हाये?" मी विचारलं.

"एक. अन् मांगं अजून एक. तिची पाठ दिसून राह्यली."

मी कुणाला सांगितलं नाही. नलूनंही नाही. एवढ्या दिवसांत आम्ही दोघी इतक्या भ्यालेल्या होतो की चांगल्या गोष्टीवरही विश्वास ठेवायला धजत नव्हतो.

पौर्णिमेच्या दिवशी नेरहून नलूचे वडील, बाबाराव, आले. बिचारे दारातच अवघडून बसले. दिवस कलला. वस्तीतल्या बायका मेणबत्त्या घेऊन विहाराकडे, म्हणजे आमच्या त्या कुडाच्या खोपटाकडे, निघायला लागल्या. सासूबाई उठल्या. सगळ्यांच्या देखत भरलेली घागर उचलून त्यांनी अंगणाच्या मधोमध ठेवली, बाबारावांकडे एकदा पाहिलं आणि खाटेवर जाऊन बसल्या.

नलू पांढरं लुगडं नेसून बाहेर आली. मी दोन्ही हात घट्ट धरले होते. एक पाऊल, दोन, तीन, चार. पाचव्याला ती थांबली. खाली वाकली, घागर उचलली, न्हाणीजवळच्या तिवईवर नेऊन ठेवली.

"आत्या," ती म्हणाली, "घागर मधात काहून ठेवली? कोणी पडन ना."

सासूबाईंनी तिवईवरच्या घागरीकडे पाहिलं. मग उठल्या, विहारात न्यायची आपली मेणबत्ती नलूच्या हातात दिली आणि बाबारावांना म्हणाल्या, "पाव्हणे, जेवूनच जाजा. पोरगी नाई येत तुमच्या संगं." आणि पुढे चालता चालता मला हळूच, "तरीबी दोन-चार दिवस अजून पाहू, खरंच दिसते का."

मिरीनं झालं, तेलानं झालं की पाला पोटात साठून शेवटी त्यानंच काम केलं, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, पाला आणि तेल हे पुस्तकात आहे, मिरीचं मला माहीत नाही. दारव्ह्याचे एक वैद्य म्हणाले, आम्ही औषधासोबत मिरी देतोच, औषध अंगी लागावं म्हणून. मी दोघांचंही ऐकून घेतलं. नलूच्या घरात आजही पाल्याच्या भाजीवर सात दाणे पडतात.

पौर्णिमेनंतरच्या बाजारी मी दिग्रसहून मिरीची नवी पुडी आणली, दुसऱ्या दुकानातून, आधी दोन-चार दाणे चावून पाहून. नलूला घेऊन नाला ओलांडला. रुपीबाईला म्हटलं, "तुह्यासाठी आनली."

तिनं पुडी घेतली. नलूच्या पापण्या वर-खाली करून पाहिल्या. "एक डाव दिसलं म्हंजे झालं असं नाई. श्रावनातबी पाला खाजो," असं तिला बजावलं. मग पुडी सोडली, मूठ खांद्याइतकी वर नेली आणि माझ्याच समोर माझी भेट थाळीत टाकून पाहिली.

टणटण वाजलं. तरी तिचं समाधान झालं नाही. लोटा मागवला, सगळी मिरी पाण्यात टाकली आणि आम्ही तिघी वाकून पाहत राहिलो. सगळी तळाशी गेली, दोन दाणे सोडून. ते दोन तिनं चिमटीत धरून उचलले, माझा हात ओढून माझ्या तळव्यावर ठेवले आणि माझी मूठ आपल्या हातानं मिटली.

"हे तुह्या दुकानदाराले वापस दे," ती म्हणाली. "बाकीची ठेवून घेतो."